विना थांबा

“आधी हवा पाहा, मग बोला.”

हे वाक्य संपेपर्यंत त्यांचा उजवा अंगठा समोरच्या टायरवर टेकलेला असायचा. टायर कोणाचंही चालायचं. माझी स्कूटर, दूधवाल्याची मोटारसायकल, शाळेची व्हॅन. एकदा तर आमच्या लेआउटमध्ये मत मागायला आलेल्या उमेदवाराची मोठी गाडी. उमेदवार हात जोडून उभे, मागे कार्यकर्ते, आणि हे खाली वाकून टायर दाबताहेत.

“साहेब, मागचं डावं कमी आहे. असेच फिरून राहिले तर एका बाजूनं झिजते.”

उमेदवारांनी नमस्कार आवरता घेतला आणि ड्रायव्हरकडे असं पाहिलं की आम्हाला त्या ड्रायव्हरचीच काळजी वाटली.

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. सगळे त्याला हसतात, आणि घरातून निघताना स्वतःच्या गाडीचं टायर मात्र गुपचूप दाबून बघतात.

उमरेड रोडला, दिघोरीच्या थोडं पुढे आमचा लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसलेली वस्ती, आहे. ते आमच्या समोरच्या घरात राहायचे. शहरातल्या महाल भागात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर काउंटरमागे बसायचं, लोकांच्या नाकावर फ्रेम ठेवायची, “वर पाहा, आता खाली पाहा” म्हणायचं, आणि दुपारी तिथेच डबा खायचा. पन्नाशी उलटली होती, पोट पुढे आलं होतं. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं आणि रोज चालायला सांगितलं. चालण्याचा त्यांना कंटाळा, म्हणून त्यांनी सायकल घेतली. इथपर्यंत सगळं शहाण्या माणसासारखं झालं.

मग त्यांनी चौकातला फलक वाचला. शहरातलं एक हौशी मंडळ दर हिवाळ्याच्या शेवटी सायकल शर्यत भरवतं. दिघोरीहून उमरेड आणि परत. त्यात पन्नाशीपुढच्यांचा वेगळा गट होता. चष्म्याच्या दुकानदारानं फलक नीट वाचला, हेच चुकलं, असं त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, पुढे नेहमी म्हणत.

मी एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. वेळापत्रकं लावणं हे माझं काम आहे आणि घरच्यांच्या मते माझं दुखणंही. त्यामुळे शर्यतीचं ऐकल्यावर मी पहिला प्रश्न विचारला, “भाऊ, कोच कोण?”

“कोच काहून पाहिजे, ताई? आहेत ना तीन.”

“तीन?”

“बहादुऱ्याच्या वळणावर बसतात. दोन काळे, एक पांढरा. सकाळी मी दिसलो की असे धावतात मागे! तेवढ्या रस्त्यात माझ्याइतकं जोरात कोणी सायकल चालवत नसन. मग सोडून देतात. तेवढाच आराम. पुन्हा येताना आहेतच.”

मी त्यांना एक व्यवस्थित आठवड्याचं वेळापत्रक करून दिलं. सोमवारी काय, मंगळवारी काय, विश्रांती कधी. त्यांनी ते मनापासून वाचलं, “वा ताई, अक्षर काय सुंदर आहे,” म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी कुत्र्यांकडे गेले.

तयारी जोरात सुरू झाली. फोनवर परदेशी सायकलपटूंचे व्हिडिओ बघून त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. एक, सावजीचं तिखट जेवण बंद. हे पहिल्या रविवारच्या दुपारपर्यंत टिकलं. दोन, सायकलपटूंच्या चड्डीला आतून गादी असते, तशी आपल्यालाही पाहिजे. बाजारातली त्यांच्या मापाची मिळेना, म्हणून वहिनींनी जुन्या उशीतला कापूस काढून त्यांच्या हाफपँटला आतून टाके घालून दिले. पहिल्या दिवशी ते फाटकातून बाहेर पडले तेव्हा सगळा लेआउट आपापल्या कामाच्या निमित्तानं दारात उभा होता.

“अवं, हे जरा जास्त झालं,” ते मागे बघून वहिनींना म्हणाले.

“जास्तच पाहिजे. रस्ता पाह्यला का तुमी?” वहिनी म्हणाल्या. “आणि कापूस जमा करून आणजा परत. उशी अर्धी राह्यली आहे.”

पण त्यांचा खरा सराव होता तो बसच्या मागे. सकाळी उमरेडला जाणारी एसटी आमच्या लेआउटसमोरून जाते. एकटं सायकल चालवताना गती कळत नाही, कोणाच्या तरी मागे लागलं पाहिजे, असा त्यांनी सिद्धांत मांडला आणि त्या बसचा पाठलाग सुरू केला. बस पुढे निघून जायची, थांब्यावर थांबायची, माणसं उतरायची, टोपल्या उतरायच्या, कधी सायकलच्या कॅरियरइतकी मोठी कोंबड्यांची जाळी उतरायची, तेवढ्यात हे घामाघूम होऊन पोचायचे. एक पाय जमिनीवर टेकवायचे, पाणी प्यायचे. कंडक्टरनं डबल बेल दिली की बस निघायची आणि मागून हेही. असं प्रत्येक थांब्यावर. कंडक्टर मागच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडायचा, “चला शेठ, चला! मागच्या सीटवरच्या बाया हसून राहिल्या तुमाले!”

एकदा त्यानं दया येऊन विचारलं, “काका, सायकल टाकू का टपावर? बसा आत.”

त्यांनी हे इतकं मनाला लावून घेतलं की आठवडाभर दुसऱ्या बसमागे गेले.

पहिल्या शर्यतीत त्यांना टेम्पोनं आणलं. हा टेम्पो नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. शर्यतीच्या अगदी मागून मंडळाचा एक छोटा टेम्पो ठरलेल्या गतीनं येत असतो. त्यानं तुम्हाला गाठलं की संपलं. सायकल वर, माणूस आत. पहिल्या वर्षी उमरेडहून परत येताना चांपाजवळच टेम्पोनं त्यांना गाठलं.

संध्याकाळी मी वहिनींकडे गेले तेव्हा ते पाय गरम पाण्यात घालून बसले होते. मला वाटलं हरल्याचं वाईट वाटलं असेल.

“हरलो त्याचं काही नाही ताई,” ते म्हणाले. “टेम्पोतून उतरलो तर शर्यत संपते तिथले मांडववाले कापड सोडून राहिले होते. कमानीचं एक टोक खाली लोंबत होतं. मी म्हटलं, अरे, मी यायचा होतो ना. तर तो पोरगा म्हणे, काका, बाजूले व्हा, बांबू पडन.” त्यांनी पाय पाण्यातून वर काढले आणि पुन्हा बुडवले. “मले नंबर नाही पाहिजे. मले एकदा फक्त तो मांडव उभा असताना त्याच्या खालून जायचं आहे. बस.”

ही त्यांची मागणी. तिच्यापायी एका माणसानं अख्खं वर्ष पुन्हा बसचा पाठलाग केला. दुसऱ्या वर्षीची शर्यतही रविवारी होती. माझी आई उमरेडला असते, दर रविवारी सकाळी मी स्कूटरनं तिच्याकडे जाते. आठवड्याच्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत भरून देते, नाहीतर ती सोमवारची गोळी गुरुवारी घेते आणि गुरुवारची कोंबड्यांना टाकते, असा मला संशय आहे. तर त्या दिवशीही मी निघाले आणि विहीरगावच्या अलीकडे मला ते दिसले. गटाच्या शेवटी होते, पण छान चालले होते. म्हटलं, जरा मागे मागे जाऊ, उत्साह वाटेल.

विहीरगावचा थांबा आला. भाऊंनी पाय सोडले, सायकल कडेला घेतली आणि डावा पाय जमिनीवर टेकवून उभे राहिले.

मला वाटलं पंक्चर. पण ते चाकाकडे बघतही नव्हते. शांतपणे पाणी प्यायले. थांब्यावर टोपली घेऊन बसलेल्या एका म्हातारीनं त्यांना विचारलं, “गाडी गेली का गा?”

“येऊन राहिली,” ते म्हणाले. मग बस थांबते साधारण तेवढा वेळ थांबून, डबल बेल वाजल्यासारखे जोरात निघाले.

पाचगावला तेच. चांपाला तेच. शर्यत चालू, पुढचे सगळे दिसेनासे झालेले, आणि हा माणूस एसटीच्या प्रत्येक थांब्यावर पाय टेकवून उभा. मी शेवटी स्कूटर त्यांच्याजवळ नेली.

“भाऊ, थांबलात का?”

“कोण? मी?” त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. स्वतःच्या पायाकडे पाहिलं. मग थांब्याच्या शेडकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्यांच्याच दुकानात त्यांना चुकीच्या नंबरचा चष्मा विकला होता.

त्या वर्षी परत येताना टेम्पोनं त्यांना पाचगावला गाठलं. अर्थात थांब्यावरच.

नंतर चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. माझ्यावर राग नव्हता, पायांवर होता. पाचव्या दिवशी आले, माझ्या स्कूटरचं टायर दाबलं आणि म्हणाले, “ताई, दोन वर्षं मी सायकल शिकलो नाही. मी एसटी शिकलो.”

यावर उपाय सोपा होता. न थांबणाऱ्या कशाच्या तरी मागे लागायचं. कोळशाचे ट्रक थांबत नाहीत, पण त्यांच्या मागे लागलं तर घरी परत येण्याची खात्री नाही. मी म्हटलं, “दर रविवारी मी उमरेडला जातेच. सावकाश, एकाच गतीनं जाते. तुम्ही माझ्या मागे या. पण एक सांगते, मी थांबणार नाही. आईला नाश्त्याच्या आधी गोळी द्यायची असते.”

“चहाले पण नाही?”

“नाही.”

“पाचगावच्या तर्री-पोह्याले?”

“भाऊ.”

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून लेआउटमध्ये माझं नाव ‘विना थांबा’ पडलं. एसटीच्या जलद गाड्यांच्या काचेवर पाटी असते ना, तीच. वाण्याच्या दुकानातही “विना थांबा आल्या, त्यांचं सामान आधी काढ रे” असं होऊ लागलं. मी तक्रार केली नाही. सामान खरंच लवकर निघायचं.

पहिल्या रविवारी विहीरगाव आलं आणि मागून आरोळी आली, “ताई, विहीरगाव!” मी गेले. मान वळवून बघितलं तर पाय थबकले होते, पण टेकले नव्हते. पाचगावला, “ताई, पाचगाव! उतरणारे कोणी आहेत का?” मी गेले. चांपाच्या चढावर आरोळीच आली नाही, तेव्हा मी घाबरून आरशात बघितलं. ते दिसेनात. आरसा माझ्या सोयीनं लावलेला, त्यात ट्रकचे दिवे दिसायचे, खाली वाकलेला माणूस दिसायचा नाही. त्या दिवशी उमरेडला पोचल्यावर मी उजवा आरसा थोडा खाली वाकवला. मग ते नीट दिसू लागले. लहान व्हायचे, मोठे व्हायचे, पुन्हा लहान व्हायचे.

आई त्यांना बघून खूश झाली. “हा कोण, बाई, तुझ्या मागं लागला?” असं तिनं भर अंगणात विचारलं. ते दम खात म्हणाले, “मी यांची सायकल आहे, माय.” आईनं त्यांना गूळ-पाणी दिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “याले तरी थांबू दे जरा.” आईचं घर हा एकच थांबा मी मंजूर केला होता. ते लगेच तिच्या दाराजवळच्या हातगाडीचं टायर दाबायला गेले.

हिवाळा सरत आला तसं सगळं बदललं. आरोळ्या कमी झाल्या. आधी विहीरगाव गेलं, मग चांपा. पाचगाव मात्र हट्टी होतं, पोह्याचा वास यायचा. शेवटी एका रविवारी पाचगावही आलं आणि गेलं, मागून काहीच आवाज नाही. आरशात बघितलं तर ते ओठ घट्ट मिटून, मान खाली घालून, माझ्या स्कूटरच्या मागच्या लाल दिव्याकडे बघत पायडल मारत होते. थांब्यावरच्या माणसांकडे त्यांनी पाहिलंही नाही. खरं सांगते, कॉलेजचं वेळापत्रक एकही तास दुसऱ्या तासावर न आदळता बसलं की जसं वाटतं, तसं मला वाटलं.

तिसऱ्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी ते आमच्याकडे आले. मी शेवटच्या टोकाला पाणी वाटायचं काम घेतलं होतं. आईची डबी शनिवारीच भरून आले होते.

“ताई, एक वचन द्या. उद्या मांडव सोडून राहिले असतील तर सोडू द्या. तुमी लोकांले लाइनीत लावणाऱ्या बाई आहात. थांबवान तुमी त्यांले. पण मले उपकाराचा मांडव नाही पाहिजे.”

मी वचन दिलं. माझ्यासारखीला ते किती जड गेलं, हे माझ्याबरोबर काम करणाऱ्यांना विचारा.

सकाळी ऊन चढत गेलं. पोरं आली, बायका आल्या, पन्नाशीवाले आले. पदकं वाटून झाली. पाहुणे गेले. मांडववाल्यांचा मुकादम घड्याळ बघत होता. हेच कापड बुटीबोरीच्या लग्नात लागायचं होतं. “चला रे, सोडा,” तो म्हणाला. दोघं शिडीकडे निघाले. रस्ता रिकामा होता. मी पाण्याचे ग्लास पुन्हा पुन्हा एका ओळीत लावत होते. तोंड बंद ठेवायला काहीतरी काम लागतं.

तेवढ्यात वहिनी उठल्या. त्यांनी भाऊंसाठी मोठा डबा आणला होता, पुऱ्या आणि आलूची भाजी. झाकण उघडलं तसा वास सगळीकडे गेला.

“काय गा पोरांनो, सकाळपासून काही खाल्लं का?”

“नाही काकू, लग्नाचं आहे, जायचं आहे.”

“लग्नात तुमाले कोण पहिल्या पंगतीत बसवून राहिलं? या, बसा. उपाशी पोटानं शिडीवर चढू नये.”

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे अजिबात पाहिलं नाही. वचन मी दिलं होतं, त्यांनी नव्हे. मुकादमासकट सगळे मांडवाच्या सावलीत मांडी घालून बसले आणि वहिनी वाढत राहिल्या. “घे अजून एक. लाजू नको.”

आणि रस्त्याच्या टोकाला एक ठिपका दिसला. ठिपक्याच्या बराच मागे टेम्पो. त्यात एक तरुण मुलगा सायकल धरून बसला होता.

ठिपक्याला पोट आलं, मग हेल्मेट आलं. मान खाली, ओठ मिटलेले, पाय एकसारखे फिरताहेत. मी ओरडत होते, वहिनी हातात पुरी घेऊन उभ्या होत्या, मांडववाली पोरं तोंडात घास घेऊन “काका! काका!” करत होती. उरलेलं एक पदक हातात घेऊन मंडळाची मुलगी पुढे झाली. ते कमानीजवळ आले, कमानीच्या खालून गेले, आणि थांबले नाहीत.

खरंच थांबले नाहीत. तसेच त्याच गतीनं शहराकडे निघून गेले. पदकवाली मुलगी थोडी धावली आणि राहिली.

“हे कुठं चालले?” मुकादमानं विचारलं.

मी स्कूटर काढली. दिघोरीच्या सिटी बसच्या थांब्यावर ते सापडले. डावा पाय जमिनीवर, मान हँडलवर.

“भाऊ! अहो, संपली शर्यत!”

“संपली?” त्यांनी मान वर केली. “मले वाटलं तुमी पुढं असान. लाल दिवा शोधून राहिलो होतो.” मग शेडकडे बघून ओशाळून हसले. “इथं थांबलो शेवटी. स्टॉप दिसला ना.” आणि एकदम माझा हात धरून म्हणाले, “ताई, मांडव? उभा होता?”

“तुम्ही खालून गेलात, भाऊ!”

“मी पाह्यलाच नाही. खाली पाहून राहिलो होतो.”

“उभा होता. पूर्ण उभा.”

“चला, मग पाहून येऊ.”

आम्ही परत आलो तेव्हा कापडाच्या घड्या मांडववाल्यांच्या गाडीत गेल्या होत्या. जमिनीत बांबूंचे खड्डे तेवढे राहिले होते. मला कसंतरी झालं. पण ते सायकल घेऊन शांतपणे त्या दोन खड्ड्यांच्या मधून चालत गेले, मागे वळून पाहिलं आणि समाधानानं म्हणाले, “रुंद होता.”

“होता काका, होता,” गाडीवर चढलेलं एक पोरगं हात पुसत ओरडलं. “आमच्या समोरून गेले तुमी!”

मग त्यांना भूक लागली. “अवं, माह्या पुऱ्या कुठं आहेत?”

“संपल्या,” वहिनी रिकामा डबा पिशवीत घालत म्हणाल्या.

“सगळ्या?”

“सगळ्या. चला घरी, खिचडी टाकते.”

त्या पुऱ्या नसत्या तर काय झालं असतं, याचा हिशेब मी केलेला नाही. मी सगळ्याचा हिशेब करते, हा ठेवला आहे तसाच.

गेल्या पावसाळ्यात ते दोघं मुलीकडे पुण्याला गेले. नातू झाला, दुकान पुतण्याकडे दिलं. सामानाचा ट्रक आला तेव्हा त्यांनी सामानाआधी त्याची सगळी टायरं दाबली आणि ड्रायव्हरचा भरपूर वेळ घेतला. सायकल सगळ्यात शेवटी, वहिनींच्या उशांवर आडवी ठेवली. निघताना म्हणाले, “ताई, माझ्यासाठी थांबू नका बरं.” आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच मोठ्यानं हसले.

अधूनमधून फोन येतो. “इथं चढ फार आहेत ताई, आणि कोणी टायरले हात लावू देत नाही. चोर समजतात.”

रविवारी मी उमरेडला जाते. त्याच गतीनं, मध्ये कुठेही न थांबता. दर सर्व्हिसिंगला मेकॅनिक माझा उजवा आरसा सरळ करून ठेवतो. “मॅडम, इतका खाली? मागची गाडी दिसत नसेल,” म्हणतो. मी हो म्हणते आणि घरी येण्याआधीच आरसा पुन्हा खाली वाकवते. पाचगाव येतं. पोह्याचा वास येतो. आरशात रिकामा रस्ता लहान होत जातो, आणि तरीही मी एकदा बघून घेते.